दोन पडद्यांच्या मधली जागा

ब्लूज वाजवायला तीन कॉर्ड पुरतात, हे अगदी खरं आहे. ए, डी आणि ई, आणि तिन्हींना सातवा सूर जोडलेला. बोटं एकदा ओळखीची झाली की पंधरा दिवसांत कुणालाही हे कॉर्ड बदलता येतात. मला तीन आठवडे लागले, कारण मी सुरुवात केली बेचाळिसाव्या वर्षी आणि माझी बोटं दिवसभर ऑफिसात आकडे भरतात. तीन आठवड्यांनी तीन कॉर्ड आले, डाव्या हाताच्या चार बोटांना घट्टे आले, पण माझ्या हातून जे निघत होतं त्याला ब्लूज म्हणायला कुणी धजलं नसतं. त्या गोष्टीला आता चार वर्षं झाली. तीन आठवड्यांत हाती येणाऱ्या सामानाला चार वर्षं का पुरत नाहीत, यावर थोडं लिहावं असं बरेच दिवस मनात आहे.

आधी साचा सांगतो. एक बार म्हणजे चार मात्रा. पहिले चार बार ए, मग दोन बार डी, परत दोन बार ए. नवव्या बारला ई, दहाव्याला डी आणि शेवटचे दोन बार घरी येऊन लगेच पुन्हा निघण्याची तयारी. झाले बारा. आपल्या भाषेत अठ्ठेचाळीस मात्रांचं आवर्तन म्हणा. (सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी सहज ‘सध्या बारा बार करतोय’ असं बोलून गेलो. सेक्रेटरींनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती अजून विसरलेलो नाही.) चाल बहुतेक वेळा दुडकी असते. प्रत्येक मात्रेचे तीन भाग करायचे, पहिला आणि तिसरा वाजवायचा, मधला रिकामा सोडायचा. दादऱ्याची सवय असलेल्याला हे पटकन समजतं.

शब्दांचाही साचा ठरलेला. गाणारा एक ओळ म्हणतो, तीच ओळ पुन्हा म्हणतो आणि तिसऱ्या ओळीत तिचा निकाल लावतो. प्रत्येक ओळीच्या वाट्याला चार बार येतात, पण ओळ साधारण दोन बारांत संपते. उरलेले दोन बार गिटारचे. पोवाड्यात शाहिराची ओळ संपली की मागचे झीलकरी ‘जी जी’ करतात ना, तसं. फरक एवढाच की इथला झीलकरी शाहिराच्याच हातात असतो, आणि तो फक्त ‘जी’ म्हणत नाही, स्वतःचं काहीतरी बोलतो.

हे मला माझ्या सरांनी शिकवलं. सर मूळचे गोव्याचे, राहायला पुण्यात कॅम्पात, तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांतल्या बँडमध्ये वाजवलेले. मुंबईच्या जॅझचा आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांचा इतिहास गोव्याच्या वादकांशिवाय लिहिताच येत नाही, हे मला सरांकडे जायला लागल्यावर कळलं. सत्तरी उलटलेला हा माणूस फार कमी बोलतो. तीन कॉर्ड झाल्यावर त्यांनी माझी गिटार हातात घेतली, तिच्या जाड तारा काढून दहाच्या पातळ तारा चढवल्या आणि म्हणाले, “आता तिसरी तार, पाचवा पडदा. पहिलं बोट ठेव. वाजव. आता जमिनीकडे ओढ. थोडी. फार नाही.”

त्या ‘थोडी’मध्ये माझी पहिली दोन वर्षं गेली.

ज्यांना आपलं संगीत थोडंफार माहीत आहे त्यांच्यासाठी सांगतो. ए हा षड्ज धरला तर ब्लूजचे मुख्य सूर पाच : सा, कोमल ग, म, प, कोमल नी. म्हणजे आपला धानी राग. मिरजेत वाढलेल्या माणसाला हे कळल्यावर जो आनंद होतो तो सांगता येणार नाही. मी घरी येऊन धानीची आठवतील ती सगळी गाणी त्या पडद्यांवर वाजवली. सर दुसऱ्या दिवशी ऐकून म्हणाले, “छान. पण हा ब्लूज नाही.” कारण खालचा कॉर्ड ए सेवन आहे आणि त्याच्या पोटात शुद्ध गंधार बसलेला आहे. म्हणजे साथ शुद्ध गंधाराची आणि गाणं कोमल गंधाराचं. जोग रागात दोन्ही गंधार लागतात, पण एक चढताना आणि एक उतरताना. समोरासमोर ते सहसा येत नाहीत. ब्लूजमध्ये दोघं एकाच खोलीत, एकाच वेळी. आणि गाणाऱ्याचा गळा या दोघांच्या मध्ये कुठेतरी थांबतो. कोमलपेक्षा वर, शुद्धपेक्षा खाली. पियानोवर त्यासाठी पट्टी नाही. गिटारवर पडदा नाही. तार ओढून ती जागा शोधावी लागते, आणि शोधून सोडून द्यावी लागते, कारण तिथं ठाण मांडून बसलं की सूर बेसूर वाटतो.

‘जागा’ हा शब्द आपल्याकडे गवय्ये वापरतात. बुवांनी काय जागा घेतली, असं म्हणतात. तो शब्द मी लहानपणी पहिल्यांदा ऐकला तो गाण्याच्या मैफलीत नव्हे, सतारमेकर गल्लीत. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात मिरजेत तंतुवाद्यं बनवायला सुरुवात केली आणि पुढे ती गल्लीच उभी राहिली. 2024मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पेपरात फोटो आले. आम्हाला मात्र ती शाळेतून घरी जायची वाट होती. दारात पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे वाळत पडलेले असत. आत एक म्हातारे चाचा घोडीवर कानस फिरवत जवारी काढत बसलेले असत. तार घोडीला नुसती टेकत नाही, घासून जाते, आणि त्या घासण्यातून तंबोरा बोलायला लागतो. चाचा एकदा कानस मारायचे, तार छेडायचे, मान हलवायचे, परत एकदा कानस. “जगा मिलना चाहिए,” म्हणायचे. केसाएवढा फरक. आम्हा पोरांना तो कधीच कळायचा नाही आणि त्यांना कधी चुकायचा नाही.

एवढं सगळं गल्लीत असून आमच्या घरात वाद्य नव्हतं. अब्बा रेल्वेत होते. रेडिओ लागायचा, पण तेवढंच. दादी जात्यावर बसली की ओव्या म्हणायची, त्याही मराठीत. घरात आम्ही दखनी बोलायचो, पण दळताना दादीची भाषा बदलायची. गाता गळा उतरला तो माझ्या थोरल्या भावाच्या वाट्याला. भाईजान माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठे. शाळेच्या गॅदरिंगला ते गाणार म्हटलं की शेजारच्या वर्गांतली पोरं खिडक्यांत येऊन बसायची. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी ते जमातीच्या लोकांबरोबर चाळीस दिवसांना गेले आणि परत आल्यावर गाणं बंद झालं. कुणी जबरदस्ती केली नाही. त्यांनी ठरवलं आणि सोडलं. तेव्हापासून त्यांचा गळा फक्त अजानला लागतो. मोहल्ल्याच्या मशिदीत फजरची अजान गेली वीसेक वर्षं बहुतेक तेच देतात.

मी गिटार घेतली ही बातमी त्यांना भाचीकडून कळली. फोन आला. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “तेरे घर में तू जान. मिरज के घर में नक्को.” मी बरं म्हटलं. अम्मी गेल्यापासून मी महिन्या-दोन महिन्यांनी मिरजेला जातो, आणि गिटार पुण्यातच राहते. संगीत जायज की नाजायज हा वाद हजार वर्षं चालू आहे, दोन्ही बाजूंना मोठमोठे आलिम आहेत, आणि तो मी इथं सोडवणार नाही. मला माझा भाऊ हवा होता आणि ही गिटारही हवी होती.

एकदा मी वकिली करून पाहिली. म्हटलं, भाईजान, आपल्या ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम खाँसाहेब झोपलेत. 27 ऑक्टोबर 1937ला मद्रासकडच्या एका छोट्या स्टेशनावर तब्येत बिघडली म्हणून ते गाडीतून उतरले, फलाटावर बसून दरबारीच्या सुरात कलमा म्हटला आणि तिथंच प्राण सोडला, असं सांगतात. त्यांना कुणी विचारलं का, जायज की नाजायज? भाईजाननी शांतपणे ऐकून घेतलं. “वो बडे लोगां,” म्हणाले. “उनकी बात उनके पास.”

या उत्तरावर पुढं काय बोलणार? मी गप्प बसलो. पण स्टेशन डोक्यात राहिलं, कारण ब्लूजच्या गोष्टीतही एक स्टेशन आहे. 1903च्या सुमाराला डब्ल्यू. सी. हँडी नावाचा बँडमास्तर मिसिसिपी राज्यातल्या टटवायलर या गावी उशिरा येणाऱ्या गाडीची वाट बघत डुलक्या घेत होता. जाग आली तेव्हा शेजारी फाटक्या कपड्यांतला एक काळा माणूस गिटारच्या तारांवर चाकू दाबून सरकवत गात होता. एकच ओळ तीनदा. आपल्याकडे विचित्र वीणेवर काचेचा बट्टा सरकवतात, तसाच तो चाकू सरकत असणार, एका पडद्यावरून दुसऱ्यावर उडी न मारता, मधल्या सगळ्या जागांवरून घासत. हँडी शिकलेला, नोटेशन लिहिणारा संगीतकार. त्यानं 1941च्या आत्मचरित्रात लिहिलंय की इतकं विचित्र संगीत त्यानं आधी ऐकलं नव्हतं. पुढे त्यानंच हे संगीत कागदावर उतरवून छापलं आणि नाव कमावलं. फलाटावरच्या त्या माणसाचं नाव त्याला माहीत नव्हतं. आपल्यालाही नाही.

याच हँडीची लहानपणीची हकिकत मी भाईजानना सांगितली, कारण ती मला फार आवडते. त्याचे वडील पाद्री. पोरानं पै-पै साठवून गिटार विकत आणली तर वडिलांनी तिला सैतानाचं खेळणं ठरवलं आणि दुकानात परत पाठवलं. बदल्यात काहीतरी कामाचं आण म्हणाले. पोरगा गिटार देऊन डिक्शनरी घेऊन आला. भाईजान खदखदून हसले. फार दिवसांनी असे हसले. “तू बी डिक्शनरीच लेना था,” म्हणाले. “लिखता तो हैच.”

ब्लूजला सैतानाचं संगीत म्हणणारी माणसं बाहेरची नव्हती, घरातलीच होती. रविवारी चर्चमध्ये जाणाऱ्या काळ्या कुटुंबांत शनिवारी रात्री ब्लूज वाजवणारा मुलगा म्हणजे वाया गेलेला मुलगा. सन हाउस हा मिसिसिपीचा फार मोठा ब्लूजवाला मुळात धर्मोपदेशक होता. व्यासपीठ आणि गिटार यांच्यात त्याची आयुष्यभर ओढाताण झाली आणि त्याच्या गाण्यात ती ऐकू येते. रॉबर्ट जॉन्सनबद्दल तर दंतकथाच आहे की त्यानं चौरस्त्यावर मध्यरात्री सैतानाला आत्मा विकून गिटारची विद्या मिळवली. या कथेचा मला मनापासून राग आहे. जॉन्सननं 1936 आणि 1937 अशा दोन वर्षांत टेक्सासमध्ये 29 गाणी ध्वनिमुद्रित केली आणि 1938मध्ये, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी तो गेला. त्यातलं कुठलंही गाणं ऐका, दोन माणसं वाजवताहेत असं वाटतं. ते सैतानाचं देणं नव्हे. आईक झिमरमन नावाच्या एका वादकाच्या घरी राहून तो शिकला आणि दोघं रात्री कबरस्तानात बसून रियाज करत, अशी आठवण झिमरमनच्या घरच्यांनी सांगितली आहे. कबरस्तानात का, तर तिथं कुणी तक्रार करत नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये रात्री दहानंतर तार छेडली की खालच्या मजल्यावरून छताला काठी ठोकली जाते, त्यामुळे मला हे कारण पूर्ण पटतं.

आता एका नाजूक विषयाकडे येतो. ‘ब्लूज म्हणजे मुळात अजान’ अशा अर्थाचा एक मेसेज मला व्हॉट्सअ‍ॅपवर दोन-तीनदा आला, मोठ्या अभिमानानं पाठवलेला. जगातलं सगळं आमच्याकडूनच गेलं असं सांगणारी मंडळी आपल्या देशात कमी आहेत का, की त्यात आपणही भर घालावी? पण मेसेज उथळ असला तरी त्याच्या तळाशी असलेला प्रश्न उथळ नाही. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून अमेरिकेत नेलेल्यांमध्ये मुसलमान होते, ही नोंदलेली गोष्ट आहे. ओमर इब्न सईद हा फुटा टोरोचा, म्हणजे आजच्या सेनेगलकडचा, शिकलेला माणूस 1807मध्ये चार्ल्सटनच्या बंदरात उतरवला गेला. 1831मध्ये त्यानं अरबीत आपली कहाणी लिहिली. ती सुरू होते सूरह अल्-मुल्कनं, आणि ते हस्तलिखित आज अमेरिकेच्या काँग्रेस लायब्ररीत आहे. साउथ कॅरोलायनात गुलामांचा उठाव झाला आणि 1740च्या कायद्यानं त्यांच्या ढोलांवर बंदी आली. ढोल गेले, तारा आणि गळे राहिले. सिल्व्हियान दियूफ ही इतिहासकार आणि गेरहार्ड कुबिक हा संगीत अभ्यासक, दोघांनी वेगवेगळ्या वाटांनी दाखवलंय की सहाराच्या दक्षिणेच्या पट्ट्यातल्या, इस्लामशी शेकडो वर्षांचा संबंध असलेल्या लोकांची गायकी, एकाच अक्षरावर सूर वळवत नेणं, सूर हलवत ठेवणं, ब्लूजच्या गळ्यात ऐकू येतं.

ऐकू येतं, एवढंच मी म्हणेन. ब्लूज रचणारे लोक त्यानंतर कित्येक पिढ्यांनी आले. ते मुसलमान नव्हते, आणि त्यांनी जे घडवलं ते त्यांचं आहे. कापसाच्या शेतात, नदीचे बांध घालताना, तुरुंगात दगड फोडताना. त्यावर आपण दावा सांगणं म्हणजे त्यांच्या मजुरीत हिस्सा मागणं.

तरीही मला भाईजानच्या कानांनी ते ऐकायचं होतं. मागच्या हिवाळ्यात मिरजेला गेलो तेव्हा असर झाल्यावर आम्ही दोघं गच्चीवर बसलो होतो. गिटार नक्को म्हटलं होतं, फोन नक्को म्हटलं नव्हतं. अ‍ॅलन लोमॅक्स या संग्राहकानं 1947-48मध्ये मिसिसिपीच्या पार्चमन तुरुंगात जाऊन काळ्या कैद्यांची गाणी टेप केली होती. त्यातली दोन लावली. पहिल्यात कैदी कुऱ्हाडी चालवताहेत, एक जण ओळ सांगतो, बाकीचे उचलतात आणि कुऱ्हाडी एकदम पडतात. भाईजान म्हणाले, “दादी का जाता.” मी म्हटलं, तेच. दुसऱ्यात एकच माणूस. वाद्य नाही, ताल नाही. लांबवर फेकलेली हाक, वर जाते, वळते, तुटत तुटत खाली येते. भाईजाननी डोळे मिटले. संपल्यावर म्हणाले, “फिर लगा.” परत लावलं.

“ये अजान नै,” ते म्हणाले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पर ये आदमी किसकू तो बी बुला रा.”

आणि मगरीबची वेळ झाली म्हणून वजू करायला खाली गेले.

मी गच्चीवरच थांबलो. त्या दिवशी मगरीबची अजानही त्यांनीच दिली. ‘फलाह’ या शब्दावर ते सूर चढवतात, आणि तो जिथं ठरेल असं वाटतं त्याच्या जरा अलीकडे टेकवून वळवतात. लहानपणापासून ऐकलंय, पण तेव्हा माझ्याकडे त्याला नाव नव्हतं. आता होतं : तिसरी तार, पाचवा पडदा, थोडी, फार नाही. रियाज म्हणून अजान गिटारवर काढावी असं माझ्या मनातही येणार नाही, ती माझी मर्यादा आहे. पण कान तर तिथं तयार झालेलाच होता, आणि पुण्याला परतल्यावर ती तार ओढताना मी पडद्यांकडे बघायचं सोडून दिलं. सरांनी काही न बोलता पुढचा धडा दिला, यावरून समजलो.

पुढचा धडा होता बी. बी. किंग. 1925 साली मिसिसिपीत जन्मलेला हा माणूस 2015पर्यंत आपल्यात होता. गाताना तो गिटार वाजवत नसे आणि गिटार वाजवताना गात नसे, दोन्ही एकदम जमत नाही असं स्वतःच सांगायचा. त्याच्या नात्यातला बुक्का व्हाइट तारांवर धातूची नळी सरकवून वाजवायचा. ते याला जमेना, म्हणून तो नाद बोटानं काढण्यासाठी हा तारेवर बोट थरथरवायला लागला आणि त्या थरथरीवरून आज जग त्याला ओळखतं. पण सरांनी मला त्याची थरथर शिकवली नाही. म्हणाले, “सूर मोजू नकोस. तो कुठं वाजवत नाही ते मोज.” मोजलं. दोन बार वाजवतो, मग थांबतो. कधी एकच सूर, आणि पुढं सगळं मोकळं. बाकीचा बँड चालू असतो, बारा बार आपल्या वाटेनं पुढं सरकत असतात आणि हा माणूस हात उचलून उभा. हे अवघड आहे. तार ओढण्याहून कितीतरी अवघड. रिकामे दोन बार बोटांना सहन होत नाहीत, त्यांना काहीतरी भरायचं असतं.

या मे महिन्यात भाईजान मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याला आमच्याकडे आले. दहा दिवस राहायचे होते. त्यांची झोपायची सोय हॉलमध्ये, आणि गिटार हॉलच्या भिंतीला टांगलेली. बायकोनं विचारलं, आत नेऊन ठेवू का? मी म्हटलं, राहू दे. ‘तेरे घर में तू जान’ असं ते स्वतः म्हणाले होते. पण ते असताना ती मी खाली काढली नाही.

ऑपरेशननंतर डोळ्याला पट्टी. वाचन बंद, मोबाइल बंद. दोन दिवस तसबीह फिरवत बसले, तिसऱ्या दिवशी कंटाळले. संध्याकाळी मला म्हणाले, “वो तेरा लकडी तोडनेवाला है क्या? लगा.” मी पार्चमनची गाणी लावली. ती संपली आणि फोनवर आपोआप पुढचं सुरू झालं, ते नेमकं बी. बी. किंगचं. ढोल, पियानो, वाऱ्याची वाद्यं, सगळा सरंजाम. मी बंद करायला हात पुढं केला तर त्यांनी हातानंच थांबवलं. ऐकत राहिले. गाणं आवडलं असं मी म्हणणार नाही. बायका-बाटलीची गाणी म्हणून भाषा न कळताही त्यांनी नाक मुरडलं होतं. पण दुसऱ्या फेरीला ते पट्टी बांधलेल्या डोळ्यानं फोनकडे तोंड करून म्हणाले, “ये आदमी रुकता बराबर.”

मी विचारलं, म्हणजे?

तेव्हा त्यांनी मला जे सांगितलं, ते मला लहानपणी मदरशात शिकवलेलं होतं, तरी असं कधी डोक्यात आलं नव्हतं. अजानचा एक कलमा म्हटला की मुअज्जिननं थांबायचं असतं. श्वास घेण्यासाठी नाही, किंवा फक्त श्वासासाठी नाही. ऐकणारा जिथं असेल तिथं, दुकानात, शेतात, आजारी असेल तर खाटेवर, तो कलमा हळूच परत म्हणतो. नमाजकडे या, फलाहकडे या, असं बोलावलं की त्याचं उत्तर वेगळं असतं. त्या उत्तराला वेळ द्यायचा. उत्तर मुअज्जिनला कधीच ऐकू येत नाही. तरी द्यायचा. नवीन पोरं एकामागून एक कलमे जोडत जातात, आवाज चांगला असतो, भाईजान म्हणाले, पण ऐकणाऱ्याला बोलायला जागाच ठेवत नाहीत.

“जगा छोडनी पडती,” म्हणाले.

मग त्यांनी डोळ्यात औषध घालायची आठवण करून दिली. पाच-पाच मिनिटांच्या अंतरानं दोन बाटल्या होत्या. मधल्या पाच मिनिटांत ते डोळे मिटून पडून राहिले आणि मी घड्याळ बघत बसलो.

मिरजेला परतताना मी त्यांना स्टेशनवर सोडायला गेलो. गिटारचा विषय निघाला नाही. गाडी हलताना खिडकीतून म्हणाले, “बकरीद को आ. वो नक्को लाना.” मी हो म्हटलं. बकरीदला गेलो, गिटार नेली नाही.

सध्या मी ए मधला सावकाश ब्लूज करतोय, मेट्रोनोम साठवर. खालून काठी ठोकली जाऊ नये म्हणून फजरनंतर, खिडक्या लावून. पहिले दोन बार वाजवतो. पुढचे दोन बार हात तारांवरून उचलून मांडीवर ठेवतो आणि पायानं आठ मात्रा मोजतो.